ऑक्टोबर हीटमध्ये मखमल

ऑक्टोबर लागला की ह्यूस्टनच्या आमच्या मराठी कंपूत दोन चर्चा हमखास झडतात. दिवाळीचा फराळ कोणी किती करायचा ही एक, आणि रेनफेअरला वेश करून जायचं की नाही ही दुसरी. पहिली चकल्या विकत आणण्यावर मिटते. दुसरी मिटत नाही.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शहराच्या वायव्येला साधारण पन्नास मैलांवर टॉड मिशन नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथे १९७४ पासून ‘टेक्सस रेनेसान्स फेस्टिव्हल’ भरतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे शनिवार-रविवार. पाइनच्या झाडीत कायमचं बांधून ठेवलेलं एक लुटुपुटीचं सोळाव्या शतकातलं युरोपी गाव, त्यात राजा-राणीची मिरवणूक, घोड्यावरून भाल्यांची झुंज, लोहाराची भट्टी, काच फुंकणारे, मधाची दारू आणि हातात धरून खायची टर्कीची तंगडी. जत्रा सुरू करणारे जॉर्ज कूलम हे वर्षानुवर्षं टॉड मिशनचे महापौरही होते, म्हणजे राजेपण अगदीच कागदी नव्हतं. मूळ कल्पना मात्र कॅलिफोर्नियाची. १९६३ साली फिलिस पॅटरसन नावाच्या शिक्षिकेनं नवऱ्याला बरोबर घेऊन लॉस एंजेलिसमध्ये अशी पहिली जत्रा भरवली, तीही एका रेडिओ स्टेशनला पैसे उभे करून द्यायला. तिथून हे लोण देशभर गेलं.

वेशाची सक्ती कुठेच नाही. जीन्स-टीशर्टवर गेलात तरी तिकीट तेवढंच आणि धूळही तेवढीच. गेटजवळ कपडे भाड्यानं देणारं दुकान असतं, आयत्या वेळी हुक्की आली तर तिथे सोय होते. मग इतका खल कशाला? तर आत गेल्यावर एक गंमत होते. समोरून डोक्यावर शिंगं लावलेला सहा फुटी माणूस येतो, त्याच्यामागे काळ्या मखमलीच्या घेरदार झग्यातली बाई, तिच्यामागे कमरेला लाकडी मग लटकवलेला समुद्री चाचा. ते एकमेकांना ओळख नसताना मुजरे करतात, चार वाक्यं जुन्या ढंगाच्या इंग्रजीत बोलतात, हसतात आणि पुढे जातात. तुमच्याशी कोणी वाईट वागत नाही. दुकानदार तुम्हालाही ‘माय लेडी’ म्हणतोच. पण तो ते गिऱ्हाइकाला म्हणत असतो, आणि हे तुम्हालाही कळतं आणि त्यालाही.

एक जमात आहे ती इतिहासाचा मुद्दा काढते. कपडे घालायचे तर त्या काळाचेच घाला, नाहीतर घालू नका. झिप नको, आजचे बूट नकोत, मनगटावरचं घड्याळ नको. मला ही जमात आवडते, कारण ती हातानं गुंड्यांची काजं करते आणि तागाच्या सदऱ्याच्या शिवणीबद्दल पाऊण तास बोलू शकते. पण जत्रेला स्वतःलाच हा नियम मान्य नाही. इथे एक आठवडा समुद्री चाच्यांचा, एक रानटी टोळ्यांच्या स्वारीचा, एक चक्क ‘हजार आणि एक स्वप्नां’चा, म्हणजे पऱ्या, यक्ष आणि कल्हे लावलेल्या मत्स्यकन्यांचा. टर्की हा पक्षी मूळचा अमेरिकेचा. इंग्लंडात तो सोळाव्या शतकात पोचला, पण कागदात गुंडाळलेली तंगडी चावत चालायची पद्धत खास इथली. इतकं चालतं तिथे एका झिपनं काय बिघडतं?

आणि खऱ्या काळाचा नियम लावायचाच म्हटलं तर निम्मी जत्रा दंड भरत बसेल. पहिल्या एलिझाबेथच्या इंग्लंडात कोणी काय ल्यावं याचे कायदे होते. १५७४ च्या फर्मानात जांभळं रेशीम आणि जरीचं कापड राजघराण्यासाठी राखून ठेवलं होतं, त्यात ड्यूक-अर्ल अशा वरच्या मंडळींना थोडी सवलत. त्याखाली मखमल कोणी, साटीन कोणी, अशी उतरंड. १५७१ चा एक कायदा तर फारच लोभस आहे: सहा वर्षांवरच्या प्रत्येक सामान्य माणसानं रविवारी आणि सणाच्या दिवशी इंग्लंडात विणलेली लोकरीची टोपी घालायचीच, नाहीतर दिवसाला तीन शिलिंग चार पेन्स दंड. लोकर-टोपीवाल्यांचा धंदा चालावा म्हणून ही सगळी तजवीज. तो कायदा १५९७ मध्ये गेला आणि बाकीचे १६०४ मध्ये. आज ह्यूस्टनच्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी मुलगी जांभळ्या झग्यात राणीच्या समोरून ऐटीत जाते आणि राणी तिला मान झुकवते. इतिहासाची सगळ्यात मोठी चूक हीच असेल, आणि मला तरी ती फार आवडते.

त्या काळातही एका जागी हा कायदा वाकत असे, ती जागा म्हणजे नाटक. थॉमस प्लॅटर नावाचा एक स्विस प्रवासी १५९९ मध्ये लंडनला गेला होता. त्यानं लिहून ठेवलंय की तिथले उमराव मरताना आपले उत्तमातले कपडे नोकरांना देऊन जातात. नोकरांना ते अंगावर घालणं शोभत नाही, म्हणून ते स्वस्तात नटांना विकून टाकतात. म्हणजे रंगमंचावरचा राजा खरोखरच कुठल्यातरी मेलेल्या लॉर्डच्या अंगरख्यात उभा असायचा. हे वाचलं तेव्हा मला आमच्या शाळेच्या गॅदरिंगची ड्रेपरी आठवली. ट्रंकेतून निघणारे डगले, त्यांना डांबराच्या गोळ्यांचा आणि आधीच्या मावळ्याच्या घामाचा वास, मंदिलावरची निम्मी गळालेली टिकली, आणि बगलेतली उसवण टाचायला ड्रेपरीवाल्याच्या तोंडात कायम धरलेली टाचणी. आठवीतला कुठलाही मुलगा तो डगला चढवला की आवाज जाड करायचा. डगल्याला मुळात मापच नसतं, त्यामुळे ज्यानं घातला त्यालाच मापात यावं लागतं.

आता आपला प्रश्न. मराठी माणसानं तिथे काय घालावं? आमच्यात तीन पक्ष आहेत. एक म्हणतो, इंग्लिश जत्रा आहे, इंग्लिशच घाला. दुसरा म्हणतो, आपण काही इंग्लिश नाही, आपला फेटा आणि नऊवारी काय वाईट आहे? तिसरा म्हणतो, नऊवारी हा आपल्याकडचा खरा कपडा, आजी रोज नेसायची, तो परक्यांच्या सोंगांच्या गर्दीत सोंग म्हणून कशाला मिरवायचा? तिसऱ्या पक्षाचं म्हणणं मला बराच काळ पटत होतं. पण आपणही पाडव्याच्या शोभायात्रेला शिवलेली नऊवारी चढवून, नथीची कळ दाबून बुलेटवर बसतोच. तिथे ती रोजचा कपडा असते असं कोणी छातीवर हात ठेवून सांगावं.

आणि मुद्दा इंग्लंडचाच असेल, तर त्या काळात गाठभेट झालीच होती, फक्त वाट उलटी होती. थॉमस स्टीफन्स हा इंग्लिश जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात उतरला, उरलेलं आयुष्य तिथेच राहिला आणि त्यानं मराठी ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ मध्ये गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं. लंडनच्या नाटकगृहांत ते मेलेल्या लॉर्डांचे अंगरखे फिरत होते, त्याच वर्षांत एलिझाबेथचा एक प्रजाजन गोव्यातल्या साष्टीत बसून ओवी जुळवत होता. पैठणला नाथ अजून हयात होते. १५८३ मध्ये राल्फ फिच हा इंग्लिश व्यापारी आणि त्याचे सोबती हेर समजून गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांना सोडवायला धावून गेलेल्यांत हा स्टीफन्स होता.

मग १६१५ मध्ये सर टॉमस रो आला, जहांगीराच्या दरबारी राजा जेम्सचा वकील म्हणून. हा गडी मला फार जवळचा वाटतो. मुक्काम हिंदुस्थानात, तरी त्यानं आणि त्याच्या माणसांनी इंग्लिश पोशाख सोडला नाही. त्याचा पाद्री एडवर्ड टेरी सांगतो की कपडे जमतील तितके हलके आणि गार करून घेतले होते. नोकरांच्या अंगावर हिरव्या तफत्याची, म्हणजे रेशमी कापडाची, किनार लावलेले लाल तफत्याचे झगे, आणि खुद्द पाद्रीबुवा लांब काळ्या झग्यात. डोळ्यांपुढे आणा: हिंदुस्थानचं ऊन आणि त्यात ही लाल-हिरवी वरात. गावातल्या पोरांनी काय धमाल केली असेल! वर हाच रो दरबार पाहून लिहितो की हे सगळं एखाद्या नाटकगृहासारखंच आहे: बादशहा वर सज्जात, उमराव मंचावर नटांसारखे उभे, आणि खाली सामान्य जनता टकमक बघतेय. बाकी सगळं बघितलं, आपण कसे दिसतोय तेवढं बघायचं राहिलं.

तेव्हा परक्या मुलखात आपला कपडा घालून उन्हात उभं राहण्याची परंपरा अगदी अस्सल त्याच काळातली आहे. टेक्ससच्या ऑक्टोबरात पारा तिशी सहज ओलांडतो. आपल्याकडे ज्याला ऑक्टोबर हीट म्हणतात तीच ही, आणि त्यात लोक अस्तर लावलेली मखमल घालून फिरतात. दुपारी दोनच्या सुमाराला झाडाखालचे बाक बघावेत. अर्ल, चाचे, दोन व्हायकिंग आणि एक परी लिंबूसरबताचे ग्लास कपाळाला लावून बसलेले असतात.

माझं मत बदललं ते माझ्या मोठ्या मामांमुळे. मामा सांगलीकडचे, वय ऐंशीच्या पुढे, ह्यूस्टनजवळच्या केटी गावी लेकीकडे आले होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, गांधी टोपी, पायात करकर वाजणारी कोल्हापुरी. त्यांच्यासमोर वेशाचा विषय काढायची कोणाची छाती झाली नाही. ते जसे रोज बसतात-उठतात तसेच गाडीत बसले. गेटमधून शंभर पावलं गेलो नाही तोच चिलखतातला एक धिप्पाड सरदार वाट अडवून उभा राहिला, गुडघा टेकला आणि म्हणाला, “कोणत्या मुलखाचे आपण, महाराज?” अर्थात इंग्रजीत. मामांनी त्याला नीट न्याहाळलं, दोन्ही हात जोडून “रामराम” केला आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, “सांगली डिस्ट्रिक्ट.” सरदार उठला आणि आसपासच्या गर्दीला ओरडून सांगता झाला की सांगलीचे लॉर्ड पधारले आहेत. त्यानंतर दिवसभर, तीन दुकानं पलीकडूनसुद्धा, “लॉर्ड ऑफ सांगली!” अशी हाक येत होती आणि मामा प्रत्येकाला रामराम घालत होते. धोतराच्या कनवटीला त्यांनी नोटा खोचल्या होत्या. आमच्या राजा-राण्या मात्र कातडी बटव्याच्या दोऱ्या सोडवता सोडवता रडकुंडीला आल्या होत्या. वर सगळ्या जत्रेत घामानं न भिजलेले बहुधा ते एकटेच.

परतताना विचारलं, “मामा, कसं वाटलं?”

“बहुरूपीच की ही,” मामा म्हणाले. “आमच्याकडं त्यो दारात यायचा. हितं आपण तिकीट काढून त्याच्या दारात आलोय, एवढाच फरक.”

मामांच्या गावात बहुरूपी फौजदार होऊन यायचा. दारात काठी आपटून “चला लग्नाला” म्हणून दरडवायचा, नसलेल्या वऱ्हाडाची नसलेली पंगत सांगायचा. तो कोण हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं, तरी आजी पदर सावरून “येतो हं, पोरांना निजवून येतो” असं उत्तर द्यायची आणि मग सूपभर धान्य घालायची. खाकी कपडा कोणीही मिळवेल. बहुरूप्याला पैसे मिळायचे ते त्याच्या जिभेचे. वेश बोलका हवा, आणि समोरच्यानं विचारलं की उत्तर यायला हवं. जत्रेतही हेच बघते मी. भारी भाड्याचा राजवेश घालून खांबाला टेकून फोन बघणाऱ्या माणसाजवळ कोणी थांबत नाही. गोणपाटाचं जाकीट घालून “मी उंदीर पकडतो, तुमच्याकडे आहेत का?” असं विचारत फिरणाऱ्या पोऱ्याभोवती मात्र घोळका असतो. नवख्यांना जुने लोक शेतकऱ्याचा साधा वेश सुचवतात, ढगळ सदरा, पट्टा, घागरा. स्वस्त पडतो हे खरंच, पण शेतकऱ्याला तक्रारी पुष्कळ असतात, त्यामुळे बोलायला विषयही आयते मिळतात.

म्हणून यंदा मी नऊवारी नेसणार, शिवलेली नव्हे. कोणी विचारलंच, तर मी साष्टीची, आमच्या शेजारी एक इंग्लिश पाद्री राहतो, त्याचं मराठी माझ्या लेकापेक्षा बरं आहे, हे उत्तर तयार आहे. पायात मात्र स्पोर्ट्स शूज. खडी आणि धूळ इतकी असते की इतिहास घोट्याच्या वरच बरा. तलवार नको. बहुतेक जत्रांत गेटवर ती म्यानाला बांधून सीलबंद करूनच आत सोडतात आणि त्या रांगेत अर्धा तास जातो. लेकीला परी व्हायचंय, तिचे पंख गाडीच्या मागच्या सीटवर मावतात का हे अजून बघायचंय.

नवऱ्यानं हे सगळं ऐकून जाहीर केलं की मग तो फादर स्टीफन्स होणार, काळा झगा त्याला बारीकही दाखवेल. म्हटलं, खुशाल हो, पण कोणी थांबवलं तर निदान चार ओव्या म्हणून दाखवाव्या लागतील. त्यानं एक दिवस पाठांतर केलं. आता म्हणतोय, जीन्सच बरी.