इंजिन ‘फ्री’ झालं होतं

उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून स्कूटर गिअरमध्येच सोडायची, याला मी काटकसर समजायचो. टू-स्ट्रोकच्या पिस्टनला तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच, लिटरमागे 20 मिली टू-टी ऑइल मीच मोजून घालायचो. पण थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोलबरोबर तेलही बंद, आणि चाक तर इंजिनाला गरागरा फिरवतंय, हे कधी डोक्यात शिरलं नव्हतं.

एकदा उतार संपता संपता आवाज घोगरा झाला, मागून कुणी धरून ठेवल्यासारखं वाटलं आणि मागचं चाक अडलंच. बोटं क्लचवर ठेवायची सवय होती, तिने वाचवलं. किक मारायला गेलो तर दगडावर पाय ठेवल्यासारखं. अर्ध्या तासाने मात्र किक सहज बसली आणि गाडी चालूही झाली! अॅल्युमिनियमचा पिस्टन तापला की बिडाच्या सिलिंडरच्या जवळपास दुप्पट फुगतो. मधली केसाएवढी फट संपते. थंड झाला की अंग चोरतो. मी खूश. उतार टाळू लागलो.

आठवड्याभरात सपाट रस्त्यावर पुन्हा जाम.

आता खोलणं भागच होतं. प्लगचं टोक पांढरंफटक. पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे, पिस्टनभोवतीची एक रिंग तिच्या खाचेत चिकटून बसलेली. सिलिंडरला पिस्टनचं अॅल्युमिनियम चांदीच्या वर्खासारखं लागलेलं. कॉस्टिक सोडा ते खातो, बिडाला हात लावत नाही (आपल्या हाताला मात्र लावतो, म्हणून रबरी मोजे). वर्ख गेल्यावर खालचे ओरखडे नखाला लागले. म्हणजे बोअर करणं (सिलिंडर आतून कोरून मोठा करणं) आणि त्याला बसणारा ओव्हरसाइज पिस्टन आलाच. नवी रिंग आधी नुसतीच सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजली. फट कमी पडली तर तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात.

इथेच सगळं बांधून टाकलं असतं, तर तिसऱ्यांदा रस्त्यात उभा राहिलो असतो. पांढरा प्लग पेट्रोल कमी, हवा जास्त असं सांगत होता. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, म्हणजे जेट, साफ होता. मॅग्नेट (इंजिनाच्या बाजूचं, ठिणगीची वीज बनवणारं चाक) काढला आणि त्यामागचं ऑइल सील, म्हणजे दांड्याभोवतीची रबरी कडी, बोटाने दाबून पाहिलं. रबर कसलं, बटण झालं होतं. क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची बंद पेटी, तिथून चोरून हवा ओढत होती.

आणि याची वर्दी मला महिनाभर मिळत होती. थ्रॉटल सोडला तरी इंजिन क्षणभर वरच्याच पट्टीत गात राहायचं, मग सावकाश उतरायचं. मी ते मित्रांना कौतुकाने ऐकवायचो, “बघ, इंजिन कसं फ्री झालंय!”

नव्या सीलनंतर ते गाणं बंद झालं. थ्रॉटल सोडला की आवाज लगेच खाली बसतो. उतारावर मी मधूनमधून उगाच थोडा थ्रॉटल देतो. मागे बसलेल्याला वाटतं, मला घाई आहे.