पॅरिस १९२५ : चार तिकिटं आणि भोवतीचा कोरा कागद

गेल्या रविवारी १९३७ ची पेक्सिपची शीट, म्हणजे पॅरिसच्या त्या टपाल तिकीट प्रदर्शनासाठी फ्रान्सने काढलेला, मोजकी तिकिटं आणि भोवती रुंद समास असलेला कागद, अखेर अल्बममध्ये बसली. सेरेस या रोमन देवीचं चित्र असलेली चार दुरंगी तिकिटं, ५, १५, ३० आणि ५० सांतिमची (शंभर सांतिमचा एक फ्रँक), म्हणजे सगळी मिळून दर्शनी किंमत १ फ्रँक. स्ट्रासबुर्ग १९२७ ची शीट, बी पेरणाऱ्या बाईच्या चित्राची ५ आणि १० फ्रँकची जोडी, आधीच घरात आहे. आता राहिली ती सगळ्यांत पहिली, पॅरिस १९२५. आणि तिथेच गाडी अडली आहे.

तिच्या किमती पाहून आधी मला वाटायचं, जुनी म्हणून महाग. पण त्याहून जुनी, सेज या चित्रकाराच्या नक्षीची एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच तिकिटं आजही स्वस्तात ढिगाने मिळतात! खरं कारण वेगळं आहे. ही शीट मे १९२५ मध्ये फक्त पॅरिसच्या टपाल तिकीट प्रदर्शनात, प्रवेशशुल्क भरणाऱ्यांना मिळायची. त्यात ५ फ्रँकची चार तिकिटं, म्हणजे दर्शनी किंमतच २० फ्रँक. शिवाय हे लालसर ५ फ्रँकचं तिकीट दुसरीकडे कुठेच छापलं गेलं नाही आणि कॅटलॉगने त्याला स्वतंत्र क्रमांक दिला. साहजिकच अल्बममधला तो एक चौकोन भरण्यासाठी लोकांनी शीटच फाडल्या. ज्यांनी फाडल्या नाहीत, त्यांतल्या अनेकांनी घडी घातली, कारण १४० बाय २२० मिलिमीटरचा कागद बऱ्याच अल्बममध्ये मावत नाही. म्हणून आज पैसे मोजायचे ते तिकिटांइतकेच त्यांच्या भोवतीच्या न दुमडलेल्या समासाचे.

या महिन्यात एक शीट जवळजवळ घेतलीच होती. पुढून देखणी. मागची बाजू भिंगाखाली धरली तर छिद्रांच्या आतल्या कडांवर गोंद उतरलेला. मूळ कागदाला गोंद आधी लागतो, छिद्रं नंतर पडतात, त्यामुळे त्या कडा कोरड्याच हव्यात. म्हणजे घडी झाकायला नवा गोंद चढवलेला. परत केली. फार वाईट वाटलं.

आता ठरवलंय की तिकिटं अस्पर्श हवीत, समासावर हिंजची, म्हणजे अल्बममध्ये चिकटवायच्या छोट्या कागदी पट्टीची, खूण असली तरी चालेल. अशा शीट बऱ्याच कमी भावात मिळतात आणि मला त्या जास्त प्रामाणिक वाटतात. दोन विक्रेत्यांकडून मागच्या बाजूचे, तिरप्या उजेडातले फोटो मागवले आहेत.