आमची वाटचाल : मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून शिकाऊ विमानाकडे

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यातलं आमचं दुकान वडिलांनी उघडलं ते विहिरीवरच्या मोटरी गुंडाळण्यासाठी. गहू-हरभऱ्याच्या पाण्याच्या दिवसांत विजेचा दाब खालीवर झाला की मोटरी जळतात आणि आम्हाला जेवायला फुरसत मिळत नाही. मृग लागला की विहिरींवरचे पंप थांबतात, दुकानही थांबतं. पावसाळ्याच्या त्या रिकाम्या महिन्यांनी आम्हाला दुसरा धंदा दिला. आज दुकानाच्या अर्ध्या भागात तांब्याच्या तारेची रिळं आहेत आणि उरलेल्या अर्ध्या भागात आढ्याला रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांचे पंख टांगलेले आहेत.

सुरुवात नुकसानीतून झाली. मोठ्या बहिणीचा मुलगा तेव्हा यवतमाळला पॉलिटेक्निकला होता. त्याने माझ्याकडून चौदा हजार रुपये घेऊन रिमोटचं विमान मागवलं. लढाऊ विमानासारखं दिसणारं, खालच्या अंगाला पंख असलेलं, सुरेख रंगवलेलं. सोयाबीन निघालेल्या आमच्या वावरात त्याने ते सोडलं. पहिल्या खेपेला ते कलून थेट धुऱ्यावरच्या बाभळीत गेलं. चिकटवून पुन्हा सोडलं तर नाक वर झालं आणि एक पंख टाकून खाली आलं. तिसऱ्या खेपेनंतर त्याने तुकडे पोत्यात भरून दुकानात आणले. "मामा, सोडलं का पडते. माह्या हातातच काई नाई," एवढंच बोलून तो बाकावर बसून राहिला.

जळलेली मोटर आली तर आम्ही शेतकऱ्याला दोष देत बसत नाही, आधी मोटर उघडतो. या विमानाचंही तेच केलं. वजनकाट्यावर ते ६२० ग्रॅम भरलं. पंख टोकापासून टोकापर्यंत ८० सेंटिमीटर, रुंदी सरासरी १३. म्हणजे पंखाच्या दहा बाय दहा सेंटिमीटरच्या तुकड्यावर जवळपास ६० ग्रॅम भार. एवढा भार तोलायला हिशेबाने ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. त्याखाली पंख हवा सोडतो आणि विमान कोसळतं. नवख्या माणसाची पहिली ओढ असते ती वेग कमी करून नाक वर उचलण्याची. म्हणजे भाच्याने जे केलं ते कुणीही केलं असतं. त्याला विकलेलं विमान शिकण्याचं नव्हतंच, आणि विकणाऱ्याने ते विचारलंही नव्हतं. विमान दाखवण्याआधी माणसाला प्रश्न विचारायचे ही आमच्या दुकानाची रीत त्या पोत्यातून निघाली.

पहिलं विमान आम्ही दोघांनी त्या पावसाळ्यात बांधलं. पंख १२० सेंटिमीटर लांब, २० रुंद आणि धडाच्या वर. सगळं मिळून वजन ७५० ग्रॅम. लढाऊ दिसणाऱ्यापेक्षा ते जड होतं, पण पंखाचं क्षेत्रफळ दुपटीहून जास्त, त्यामुळे त्याच तुकड्यावर भार ३१ ग्रॅमच पडला. भार निम्मा झाला की लागणारा वेग सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. आमचं विमान ताशी २५ च्या आसपासही हवेत टिकतं. पंखाची दोन्ही टोकं थोडी वर उचललेली ठेवली. असं विमान कललं की खाली गेलेल्या पंखाला जास्त उचल मिळते आणि ते आपोआप सरळ होऊ पाहतं. पंख वर आणि टोकं उचललेली, नवख्याने विमान निवडताना एवढं पाहिलं तरी निम्म्या चुका टळतात. पहिल्या विमानाला एलेरॉनची, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला हलणाऱ्या पात्यांची, गरजही नसते. रडर (डावं-उजवं वळवणारं शेपटीचं पातं), एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारं शेपटीचं पातं) आणि मोटरचा वेग, या तीन गोष्टी शिकायला पुष्कळ आहेत.

पंख थर्माकोलचे. कापायला लागणारी तापती तार आमच्याकडे होतीच: नायक्रोमची (हीटरमध्ये असते तसली) तार आणि जुन्या चार्जरचा ट्रान्सफॉर्मर. हे काम माझ्या पत्नीने हातात घेतलं आणि आजही दुकानातला सर्वांत सारखा पंख तिच्याच हातचा निघतो. तार एकाच गतीने ओढावी लागते. थांबली की तिथे खड्डा पडतो. धूर नाकात जाऊ नये म्हणून हे काम आम्ही अंगणातच करतो.

डिंकाने मात्र आम्हाला फार शिकवलं. फेविक्विकने थर्माकोल विरघळतो, हे पहिल्याच दिवशी कळलं. हॉट ग्लूने, म्हणजे वितळवून लावायच्या डिंकाने, काम झटपट होतं, म्हणून पहिली सहा विमानं तशीच जोडली. वैशाखात त्यांतल्या एकाचा पंख हवेतच मधोमध उघडला. आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो; बंद गाडीत ठेवलेल्या विमानाचा हॉट ग्लू मऊ पडतो आणि दिसायला सांधा पूर्वीसारखाच असतो. ते विमान दिग्रसच्या एका मास्तरांचं होतं. त्यांना नवीन पंख दिला आणि उरलेली पाचही विमानं परत बोलावून मधला सांधा इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायचा पक्का डिंक) पुन्हा बांधला, खालून बांबूची कामटी घातली. त्या वर्षी नफा उरला नाही. पण त्या मास्तरांनी नंतर आमच्याकडे चौघे पाठवले.

दुसरा धडा काळ्या मातीचा. चित्रातली विमानं चाकांवर धावत उडतात. आमच्या वावरात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात चिखल आणि मधल्या दिवसांत सोयाबीनची खुंटं. चाक अडकलं की विमान नाकावर आपटतं, प्रोपेलर तुटतो, मोटरचा दांडा वाकतो. म्हणून आम्ही चाकं काढून टाकली. मोटर पंखाच्या मागे, थोडी वर बसवली आणि विमान पोटावर उतरवायचं ठरवलं. पोटाला प्लास्टिकची जाड टेप. सोडणाऱ्याने विमान धडाला खालून धरायचं, हात प्रोपेलरपासून लांब ठेवायचा आणि वाऱ्याच्या तोंडावर भाला फेकावा तसं आडवं सोडायचं. वर फेकलं तर ते तिथेच वेग गमावतं. पऱ्हाटी (कपाशी) उभी असलेल्या वावरात आम्ही कुणालाच शिकवत नाही; वाळलेल्या पऱ्हाट्या थर्माकोलमध्ये खिळ्यासारख्या घुसतात. आमची शाळा भरते ती गावाबाहेरच्या ई-क्लासच्या पडीत (गुरं चारायच्या सरकारी जमिनीत), गुरं दुसऱ्या अंगाला गेल्यावर. गुराख्याला आधी विचारतो. बिथरलेलं जनावर तारेत शिरलं तर ते पाप आपलं.

तोलाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण पहिल्या उड्डाणातली सर्वाधिक विमानं तिथेच जातात. आमच्या पंखाच्या पुढच्या कडेपासून सहा सेंटिमीटरवर दोन बोटं टेकवून विमान उचललं की ते आडवं राहिलं पाहिजे, नाहीतर किंचित नाकाकडे झुकलं पाहिजे. शेपटी जड झालेलं विमान हातातून सुटताच नाक उचलतं आणि रिमोटचं ऐकत नाही. तोल साधायला आधी बॅटरी पुढे-मागे सरकवायची, वजन चिकटवण्याची वेळ आणायची नाही. त्यानंतर शेपटीचं प्रत्येक पातं रिमोटने हलवून बघायचं. रिमोटची काडी डावीकडे नेली तर रडरची मागची कड डावीकडे गेली का? एका पुरवठादाराकडून उलट फिरणारे सर्व्हो (पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आले होते. आम्ही न तपासता एक बसवला आणि कारंज्याच्या एका पोट्ट्याचं विमान चार सेकंदांत गेलं. तेव्हापासून ही तपासणी दुकानातही होते आणि मैदानावरही.

शिकवण्याची पद्धत आम्हाला हळूहळू सापडली. आता नवीन माणूस पहिले आठ-दहा तास लॅपटॉपवरच्या सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरचं खोटं विमान उडवण्यात, घालवतो. आमचाच रिमोट केबलने जोडतो. विमान आपल्यापासून दूर जाताना सगळं सोपं असतं. ते आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं आणि भलेभले गोंधळतात. त्यासाठी आम्ही एकच गोष्ट सांगतो: समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली दिसेल त्या बाजूला काडी न्या, त्या पंखाला टेकू लावल्यासारखी. डावं कोणतं, उजवं कोणतं, याचा विचार करायचाच नाही. वयस्क माणसांना हे लगेच कळतं, कारण कलत्या गाडीला टेकू त्यांनी आयुष्यभर लावलेला असतो.

मैदानावर दोन रिमोट एकमेकांना जोडलेले असतात. माझ्या हातातल्या रिमोटचा स्विच सोडला की विमान माझ्या ताब्यात येतं. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात, तसा हा स्विच. भीतीने प्रत्येक जण विमान खाली, जवळ ठेवतो. आम्ही ते निंबाच्या तीन झाडांएवढं वर नेतो, कारण चूक सुधारायला उंची लागते. पहिल्या दिवशी फक्त मोठे, सावकाश गोल. उतरणं चौथ्या-पाचव्या दिवशी. उतरताना वाऱ्याच्या तोंडावर यायचं, मोटर बंद करायची आणि जमीन जवळ आली म्हणून एलिव्हेटर ओढायचा मोह आवरायचा; अगदी शेवटी, गुडघ्याच्या उंचीवर, हलकेच. वेळ सकाळी सात ते नऊ. दुपारी वावटळी उठतात आणि त्यात शिकाऊ विमान सोडू नये.

बॅटरीच्या बाबतीत मी कठोर आहे आणि ते गिऱ्हाइकाला आवडो न आवडो. आम्ही तीन सेलची, २२०० एमएएचची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी देतो. भरलेली असताना १२.६ व्होल्ट. त्यावर आमचं विमान बारा-तेरा मिनिटं उडतं, पण रिमोटचं घड्याळ आम्ही आठ मिनिटांवर लावून देतो. सेल ३.५ व्होल्टच्या खाली न्यायचा नाही; ३ च्या खाली गेला की बॅटरी कायमची कमजोर होते. चार्जिंगला लावून घराबाहेर जायचं नाही, पलंगाजवळ लावायचं नाही, फुगलेली वापरायची नाही. हंगाम संपला की प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून थंड जागी ठेवायची. वीज नसेल तर आमचा चार्जर ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतो, खेड्यातल्या गिऱ्हाइकाला हे फार उपयोगी पडतं.

धंद्याचं गणित वडिलांना पटायला वेळ लागला. "पंप जळला तं आपण गुंडाळतो, हे तुटलं तं काय गुंडाळशीन?" असं ते विचारायचे. उत्तर पंखांनीच दिलं. आज विमानांपेक्षा सुटे पंख, शेपट्या आणि प्रोपेलर जास्त विकले जातात. पूर्ण संच दहा-अकरा हजारांत पडतो आणि त्यातला मोठा पैसा रिमोट व चार्जरवर घाला, असं आम्ही सांगतो. रिमोट दहा विमानं पाहतो. पहिलं विमान शिकण्यात झिजणारच. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, सुटे भाग त्यातून वगळले. सांगाडा आधीपासून घरीच बनत असल्याने आमचं काम अडलं नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर हवाई क्षेत्राचा नकाशा सरकारने ऑनलाइन दिला आहे. मैदान हिरव्या, म्हणजे वेगळी परवानगी न लागणाऱ्या, भागात आहे का ते आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकासोबत बसून बघतो. हिरव्या भागातही १२० मीटरच्या वर जायचं नाही, आणि विमान डोळ्यांना नीट दिसेल तेवढंच लांब न्यायचं.

आपोआप तोल सांभाळणारी यंत्रणा बसवलेली विमानंही हल्ली मिळतात. मी त्यांच्या विरोधात नाही. ती चालू ठेवून पहिले दोन दिवस उडवा, पण बंद करून उडवता आल्याशिवाय शिकलो म्हणू नका.

नेरचे एक काका दोनदा परत गेले, कारण त्यांना मोठं, वेगवान विमान हवं होतं आणि मी दिलं नाही. तिसऱ्यांदा आले तेव्हा सिम्युलेटरवर बसले, पंधरा दिवस बसले. आता त्यांच्याकडे पंखांच्या तीन जोड्या आहेत आणि ते दर रविवारी सकाळी पहिले येतात.

सध्या दुकानाच्या टिनावर तीन पंख उन्हात ठेवले आहेत. तिघांचे मधले सांधे वेगवेगळ्या डिंकाने जोडलेले, टोकं विटांवर टेकलेली, मधोमध एक किलो वाळूची पिशवी. गुढीपाडव्यापासून ठेवलेत. एक सांधा परवा उघडला. उरलेले दोन मृग लागेपर्यंत उतरवायचे नाहीत, असं भाच्याने खडूने भिंतीवर लिहून ठेवलं आहे.