‘फोटो काढायला दोन वर्षं?’

रेडिओग्राफीला ॲडमिशन मिळाली हे सांगायला कराडला आईला फोन केला, तेव्हा ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “म्हणजे फोटो काढायचे? छातीचे, पायाचे?” हो म्हटलं. “आणि त्याला दोन वर्षं? बी.एस्सी. फिजिक्स करून?”

आमच्याकडे एक्स-रेला अजून फोटोच म्हणतात. आणि खरं सांगायचं तर तिचा प्रश्न मला त्याआधी वर्षभर स्वतःलाच पडत होता.

२०१६ मध्ये मी एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागून बायकोला मिळतो त्यावर, अमेरिकेत न्यू जर्सीत, एडिसनला आले. कराडला असताना एका कॉलेजात प्रॅक्टिकल्स घ्यायचे. इथे आल्यावर नोकरीची परवानगीच नाही. २०१५ च्या मे महिन्यापासून एक सोय झाली आहे. नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झालेला असेल तर बायकोला ईएडी, म्हणजे कामाचं परवानगीपत्र, मागता येतं. माझं कार्ड २०१८ मध्ये आलं. आनंदाने पेढे आणले, ओक ट्री रोडवरून. पण काम करता येईल एवढंच कार्ड सांगतं. कुठलं काम, ते आपणच शोधायचं.

ओळखीतल्या दहांपैकी नऊ जणांचं उत्तर एकच होतं. क्यूए टेस्टिंग, म्हणजे सॉफ्टवेअर तपासायचं काम, कर. मीही एका ट्रेनिंगला जाऊन बसले. दुसऱ्या आठवड्यात तिथल्या माणसाने माझा रिझ्युमे परत दिला तर त्यात सात वर्षांचा आयटीचा अनुभव होता. ज्या कंपन्यांत मी कधी पाऊल ठेवलं नाही, त्यांची नावं होती. “सगळे असंच करतात, मॅडम.” करत असतील. मला रात्री झोप लागेना. भरलेले पैसे बुडाले.

कम्युनिटी कॉलेजचं नाव मला सुचवलं ते गणपतीच्या कार्यक्रमात, महाप्रसादाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका काकूंनी. त्या डेंटल हायजिनिस्ट आहेत, म्हणजे दातांच्या दवाखान्यात दात साफ करून देतात, आणि हे शिक्षण त्यांनी चाळिशीत घेतलं. “काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्याचं, कॉलेज आहे, तिथल्या काउन्सेलरला भेट, पैसे पडत नाहीत,” एवढंच त्या म्हणाल्या आणि मसालेभात घेऊन पुढे गेल्या.

न्यू जर्सीत अशी १८ कॉलेजं आहेत. इथे दोन वर्षांची पदवी मिळते. काही मुलं ती घेऊन चार वर्षांच्या विद्यापीठात जातात, तर काही जण थेट कामाला लागतील असे कोर्स घेतात: नर्सिंग, डेंटल हायजिन, लॅब टेक्निशियन, रेडिओग्राफी. आपल्याकडच्या डोक्याने मी त्याला डिप्लोमा, डिप्लोमा म्हणजे मार्क कमी पडलेल्यांची वाट, असं समजत होते. एक नातेवाईक तर व्हॉट्सॲपवर म्हणालेच, “एम.एस. का नाही करत?” एम.एस.ची फी आणि त्याला अपुरी पडणारी माझी तीन वर्षांची बी.एस्सी. हे दोन्ही त्यांच्या हिशेबात नव्हतं.

काउन्सेलर बाईंनी मला काय व्हायचंय ते विचारलंच नाही. आठवड्यात किती तास घराबाहेर राहू शकाल? सकाळी साडेसातला मुलीला कोण बघेल? रक्त बघवतं का? उलटी साफ करावी लागली तर? मग कोरा कागद घेऊन त्यांनी शेवटाकडून लिहायला सुरुवात केली. सगळ्यात वर राज्याचं लायसन्स, त्याखाली राष्ट्रीय परीक्षा, त्याखाली पदवी, त्याखाली क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलमध्ये पेशंटवर काम करत शिकणं, आणि तळाशी आधी पूर्ण करायचे विषय. तो कागद फ्रीजवर चार वर्षं होता. कडेला हळदीचा डाग पडलाय.

एच-फोरवर शिकायला वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही, हे मला तिथेच कळलं. शिकणाऱ्यांना मिळणारी सरकारी मदत, पेल ग्रँट, मात्र आमच्यासारख्यांना नाही. सगळं पदरचं. दर सत्राला थोडे थोडे विषय घेतले, म्हणून झेपलं.

कागदपत्रांनी मात्र जीव खाल्ला. जुन्या गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घ्यायचं तर विद्यापीठाने सीलबंद पाकीट पाठवायला हवं. भाऊ त्यासाठी चार चकरा मारून आला. “साहेब जेवायला गेलेत”, “उद्या या”, “चलन दुसऱ्या खिडकीवर”. पाकीट आलं, गणित मान्य झालं, फिजिक्स मान्य झालं, पण शरीरशास्त्र कधी शिकलेच नव्हते. ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजीची दोन सत्रं प्रयोगांसह करावी लागली. कुठल्या वर्गात बसायचं ते ठरवणारी इंग्रजीची प्लेसमेंट परीक्षाही दिली आणि निबंधाच्या वर्गात जाऊन बसले, एकोणीस वर्षांच्या मुलांबरोबर. मराठी माध्यमाच्या मला तो वर्ग सगळ्यात जास्त उपयोगी पडला, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी चिडले असते. मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झालं. हाडांची नावं मी स्वयंपाकघरात मुलीच्या हातापायांवर बोट ठेवून पाठ केली. तिला अजून मनगटातलं स्कॅफॉइड हाड कुठे असतं ते माहीत आहे.

पहिल्या वर्षी रेडिओग्राफीत जागा मिळाली नाही. जागा इतक्या कमी का, याचा राग आला होता. कारण नंतर समजलं. या कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थेचा, जेआरसीईआरटीचा, नियम आहे की क्लिनिकलमध्ये एका टेक्नॉलॉजिस्टमागे, म्हणजे फोटो काढणाऱ्या माणसामागे, एकच विद्यार्थी. म्हणजे हॉस्पिटलांत जेवढी माणसं, तेवढ्याच जागा. वर्ग मोठा करता येत नाही. कुणी हा कोर्स निवडणार असेल तर आणखी एक सांगते. मान्यताप्राप्त प्रोग्रामला तीन आकडे जाहीर करावेच लागतात: किती जणांनी कोर्स पूर्ण केला, किती जण पहिल्या प्रयत्नात परीक्षा पास झाले आणि किती जणांना काम लागलं. मी ते बघितले ते नकार मिळाल्यावर. पहिल्याच दिवशी बघायला हवे होते.

२०२१ मध्ये जागा मिळाली. क्लिनिकलच्या आधी लसींचे पुरावे, ड्रग टेस्ट, पार्श्वभूमी तपासणी, सीपीआरचं कार्ड. टीबीच्या तपासणीत माझा हात चांगलाच फुगला. नर्स घाबरली. मी नाही. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची ती त्वचेवरची चाचणी अशी फसवू शकते. रक्ताची चाचणी केली, ती निगेटिव्ह आली. पुढच्या वर्षी मी आधीच सांगितलं, सुई नको, रक्त घ्या.

वर्गात पहिल्या आठवड्यात किरणांपासून बचाव हा विषय होता. तिथे एडिसनची गोष्ट निघाली. आमचं गाव ज्याच्या नावाचं, तोच थॉमस एडिसन. १८९६ च्या सुमारास तो एक्स-रेवर प्रयोग करत होता आणि त्याचा सहायक क्लेरन्स डॅली आपलेच हात पुन्हा पुन्हा किरणांखाली धरायचा. डॅलीचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो गेला. एडिसनने एक्स-रेचं काम सोडून दिलं. रोज ज्या गावाच्या पाटीखालून गाडी काढते, त्या नावामागे हे होतं! त्या दिवसापासून कॉलरला लावायचा डोसिमीटर, अंगावर किती किरण पडले ते मोजणारा बिल्ला, मी एकदाही विसरले नाही.

फिजिक्स कामाला आलं. अंतर दुप्पट केलं की किरणांची तीव्रता चौथाई होते, हे मी कराडला फळ्यावर शिकवलेलं होतं. पण छातीचा फोटो सहा फुटांवरून का काढतात, तर हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसू नये म्हणून, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि पाठीचं कुबड निघालेल्या, नव्वदीच्या माणसाला एक्स-रेच्या पाटीसमोर उभं करणं वेगळं. पहिल्या सहा महिन्यांत माझे फोटो वाकडे यायचे. चुकलेला फोटो विद्यार्थ्याने पुन्हा काढायचा तर टेक्नॉलॉजिस्ट शेजारी हवाच, असा नियम आहे, आणि तो बरोबर आहे, कारण माझ्या चुकीचे किरण पेशंटच्या अंगात जातात. पण दर वेळी कुणाला तरी हाक मारायला जाताना कान तापायचे.

फोटोत उजवी-डावी बाजू कळावी म्हणून प्रत्येकाने शिशाचे दोन मार्कर विकत घ्यायचे असतात, एक उजव्यासाठी, एक डाव्यासाठी, आणि त्यावर आपली आद्याक्षरं. मधलं अक्षर वडिलांचं की नवऱ्याचं, यावर ऑर्डरच्या फॉर्मपुढे मी दहा मिनिटं अडले. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आहे. तेच घातलं.

क्लिनिकलला पगार नाही. आठवड्याचे तीन दिवस, थंडीत पावणेसातला गाडीवरचा बर्फ खरवडून निघायचं. सासूबाई सहा महिने येऊन राहिल्या म्हणून पहिलं वर्ष निभावलं. दुसऱ्या वर्षी नवऱ्याने सकाळच्या मीटिंगा मुलीची वेणी घालत केल्या, कॅमेरा बंद ठेवून. परीक्षेला बसायच्या आधी छत्तीस अनिवार्य प्रकारच्या तपासण्या आणि आणखी पंधरा ऐच्छिक, एवढ्या स्वतः करून सही मिळवायची. कवटीचा फोटो कुणाचा निघतोय याची वाट बघत बसायचो आम्ही. हे वाईट वाटतं ऐकायला, पण तसंच होतं.

एकदा एक आजी आल्या. मंगळसूत्र काढायला तयार नव्हत्या. सून इंग्रजीत समजावून दमली होती. मी मराठीत म्हटलं, “आजी, काढून मुठीत घट्ट धरा. खाली ठेवायचंच नाही.” त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, “अगं, तू आपल्यातली?” आणि लगेच काढलं. फोटो एका दमात आला. नंतर इन्स्ट्रक्टरने मला बाजूला घेतलं. वाटलं, शाबासकी. ती म्हणाली, श्वास धरा, हलू नका इथपर्यंत तुझी भाषा चालेल, पण आजाराबद्दल काही विचारायचं असेल तर हॉस्पिटलचा दुभाषा फोनवर घ्यायचा. तू चुकीचा अर्थ सांगितलास तर? तेव्हा हिरमुसले. आता मीही विद्यार्थ्यांना तेच सांगते.

शेवटच्या सत्रात करिअर सेंटरमध्ये रिझ्युमे घेऊन गेले. तिथल्या बाईंनी जन्मतारीख खोडली, वैवाहिक स्थिती खोडली, वडिलांचं नाव खोडलं, फोटो काढून टाकला. लग्नाचा बायोडाटाच नेला होता जणू मी. मग विचारलं, कराडला तुम्ही नेमकं काय करायचात? प्रॅक्टिकल्स घ्यायचे. किती मुलांची? वीस-वीसची बॅच. उपकरणं कोण सांभाळायचं? मीच. “मग हे का नाही लिहिलं?” सात वर्षांचा खोटा अनुभव नाकारून मी आले होते आणि खरा होता तो लिहायचं सुचलं नव्हतं. मुलाखतीच्या सरावात मी सारखं “आम्ही केलं, आम्ही केलं” म्हणत होते. “आम्ही म्हणजे कोण?” असं त्यांनी चार वेळा विचारलं.

मे २०२३ मध्ये पदवी मिळाली, जुलैत एआरआरटीची परीक्षा, तीच कागदावरची राष्ट्रीय परीक्षा. मोजले जाणारे प्रश्न २००, पास व्हायला ७५, पण ते टक्के नसतात, वेगळ्या मोजपट्टीवरचा आकडा असतो. घरी आल्यावर वरण-भात खाऊन दुपारभर झोपले. लायसन्स इथे कोण देतं माहीत आहे? पर्यावरण खातं. नदी, कचरा आणि मी.

काम त्याच हॉस्पिटलमध्ये लागलं जिथे क्लिनिकल केलं होतं. सुरुवातीला बोलावतील तेव्हा जायचं, अशा बोलीवर. पाच महिन्यांनी संध्याकाळची कायमची पाळी मिळाली. आमच्या वर्गातले सगळे शेवटपर्यंत टिकले नाहीत. तीन मुलांची आई असलेली एक मैत्रीण पहिल्या वर्षी गळली, कारण तिच्याकडे सासूबाई नव्हत्या. माझ्यापेक्षा तिचा हात पेशंटवर जास्त हलका होता. कॉलेजने तिला पुढच्या बॅचमध्ये जागा देऊ केली होती. पण घरभाडं थांबत नाही.

गेल्या वर्षी कराडला गेले. आईचा गुडघा दुखत होता. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, आम्ही रिक्षाने फोटो काढायला गेलो. तिथल्या दादांनी तिला टेबलावर झोपवायला घेतलं. मी जरा घुटमळत म्हटलं, “दादा, उभं राहून काढता येईल का? वजन पडल्यावर सांध्यातली फट नीट कळते.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, डॉक्टरांना फोन लावला, आणि आईला उभं केलं.

“तुम्ही डॉक्टर का?” फोटो झाल्यावर त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आई साडी सारखी करत म्हणाली, “नाही हो. फोटो काढती ती. अमेरिकेत.”