ताटावर उतरलेले पाठ

मुलांना आहाराविषयी शिकवण्यासाठी महागडे वर्ग लावावे लागतात, हे मला पटत नाही. केंद्र सरकारच्या २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शालेय शिक्षणाच्या ऑनलाइन मंचावर पाठ विनामूल्य मिळतात, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ मधील १७ आहारसूत्रेही कोणालाही उतरवून घेता येतात. भाषा परिपत्रकासारखी कोरडी असली, तरी त्यांतले थाळीचे चित्र फार उपयोगी आहे. त्यात भाज्या, फळे आणि कंदमुळे मिळून जवळजवळ अर्धी थाळी व्यापतात, आणि शीत-हुमणावर, म्हणजे भात आणि माशांच्या आमटीवर, वाढलेली आपली गोव्यातली मुले नेमकी तिथेच अडतात.

चित्र नुसते दाखवून भागत नाही. तांबडी भाजी, अळसांदे, बांगडा त्यात कुठे बसतात, हे मुलांनाच ठरवू द्यावे. आमच्या धाकटीने अळसांदे भाज्यांत घातले. ते कडधान्य आहे असे समजताच तिने सोलकढीची जागा विचारली, आणि घरात बराच वाद रंगला.

पाठानंतर मी बिस्किटांचा पुडा पुढे ठेवते. त्यावर १०० ग्रॅममागे छापलेली साखर, चमचा साधारण ४ ग्रॅमचा धरून, मुलांनी वाटीत काढायची. उरलेली बिस्किटे मात्र तरीही संपतात.