पाणी एवढं नितळ, मग मासे कुठे गेले?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, सडबरीला आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना किलार्नीची तळी दाखवायला नेते. पांढऱ्या दगडाच्या टेकड्या, मधे निळंशार पाणी, काठावरून वाकलं तरी खोलवरचा तळ दिसतो. यातल्या कित्येक तळ्यांतले मासे एके काळी पार संपले होते, हे सांगितलं की सगळे हाच प्रश्न विचारतात.

तो नितळपणाच आजाराचं लक्षण होता. पाण्याला चहासारखी फिकट झाक देणारे सेंद्रिय पदार्थ आम्लामुळे कमी झाले होते.

आपल्याकडे कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू पिळलं की पांढरा डाग पडतो. कडप्पा म्हणजे चुनखडकच. तो स्वतः झिजतो आणि आम्ल मारतो. ग्रॅनाइटच्या ओट्याला मात्र लिंबाने काही होत नाही. म्हणून तर आपण तो हौसेने बसवतो! पण इथली तळी ग्रॅनाइट आणि क्वार्टझाइटमध्ये कोरलेली. सडबरीच्या निकेलच्या भट्ट्यांतून निघालेला गंधकाचा धूर पावसातून आम्ल होऊन उतरला, तेव्हा ते मारायला चुनाच नव्हता. १९७२ साली ३८१ मीटरची चिमणी उभी राहिली, गावातली हवा सुधारली आणि धूर आणखी लांब गेला.

मासे आम्लाने तडफडून मेले असतील असं वाटतं ना? वायव्य ऑन्टारिओत तळ्यांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी २२३ क्रमांकाच्या तळ्यात १९७६ पासून मुद्दाम गंधकाम्ल घातलं. सामू (pH, तो जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल) हळूहळू ६.८ वरून ५ वर आणला, म्हणजे आम्लता साठपट. आधी बारीक कोळंबीसारखे जीव गेले, मग छोटे मासे. क्रेफिशची (गोड्या पाण्यातला, लॉबस्टरसारखा कवचवाला प्राणी) कात टाकल्यावरची नवी कवचं नीट टणक होईनात. मोठे ट्राउट जिवंत होते, पण खायला काही उरलं नाही. त्यांचे फोटो मी पाहिलेत : मोठं डोकं, मागे नुसता काटा. पिल्लं होणं तर थांबलंच होतं. मला अजून ते बघवत नाहीत.

आता धूर खूप कमी झालाय, अनेक तळ्यांचा सामूही वर आलाय. पण इतक्या वर्षांच्या आम्लाने आसपासच्या मातीतलं कॅल्शियम धुऊन नेलंय. ज्या डॅफ्नियांना (पाण्यातल्या इवल्या कवचवाल्या जीवांना) कवचासाठी ते भरपूर लागतं, त्या काही तळ्यांत अजून पूर्वीसारख्या वाढत नाहीत.