आधी कडी बघा
चामड्याची जुनी पर्स हातात आली की मी आधी कड्या बघते. पितळेभोवती हिरवा, मेणचट थर असतो. चामड्यातलं तेल आणि पितळेतलं तांबं यांची ती करामत. लाकडी काडीने हलकेच खरवडला की निघतो. तेल मात्र बेताने! कोरडं चामडं दिसलं की लोक त्याला न्हाऊच घालतात. मग ते काळवंडतं, लुळं पडतं. मी बोळ्याने एक पातळ हात देते आणि रात्रभर त्याच्या वाटेला जात नाही. बंद झिजला असेल तर सरळ नवा, सगळा भार त्याच्यावरच असतो. पण बोटांना विटकरी भुकटी लागली तर हात टेका. तो रेड रॉट, म्हणजे चामड्याची कायमची झीज. आम्लाने तंतूच खाल्लेले असतात, चामडं मऊ करणाऱ्या कुठल्याही कंडिशनरने ते परत येत नाहीत. अशी पर्स मी विकत घेतच नाही, कितीही देखणी असो.